चित्रपटाची रिळे साफ करताना या चुका टाळा

मराठवाड्यातल्या जत्रांमधून तंबू ठोकून सिनेमा दाखवणारी फिरती टॉकीज बंद पडत गेली, तसे त्यांचे पत्र्याचे डबे कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या गोदामात जाऊन पडले. असा डबा आज सापडला की घरच्यांना रीळ लगेच पुसून काढावेसे वाटते, आणि पहिली चूक तिथेच होते: रीळ कशाचे आहे हे पाहण्याआधीच द्रावकाची बाटली उघडली जाते.

गुंडाळलेले रीळ दिव्यासमोर आडवे धरून कडेने पाहावे. पॉलिएस्टरच्या रिळातून प्रकाश आरपार येतो, ॲसिटेटचे रीळ काळपट दिसते. ॲसिटेटवर ॲसिटोन कधीही लावू नये, कारण ते फिल्मचा पायाच विरघळवते. 1951 च्या सुमारापूर्वीची 35 मिमीची फिल्म नायट्रेटची असू शकते. ती भडकन पेटते आणि पाण्याखालीही जळत राहते, म्हणून तिला घरी हात न लावता पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला विचारावे. डब्यातून व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ॲसिटेट कुजू लागले आहे असे समजावे. ती कुज कोणत्याही द्रावकाने थांबत नाही. ते रीळ इतरांपासून वेगळे, थंड आणि कोरड्या जागी ठेवणे एवढेच आपल्या हातात असते.

दुसरी चूक माझ्या स्वतःच्या हातून झाली आहे. बुरशी धरलेल्या एका रंगीत रिळावर मी औषधाच्या दुकानातले 70 टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवले. पाच-सहा फूट पुसून झाल्यावर पांढऱ्या कापडावर तांबूस डाग दिसला, आणि तो मळाचा नव्हता, चित्राचा होता. फिल्मवरचे चित्र जिलेटिनच्या थरात असते. बुरशी ते जिलेटिन खाऊन त्याला पाण्यात विरघळण्याजोगे करून टाकते, आणि 70 टक्क्यांच्या बाटलीत उरलेले जवळजवळ सगळे पाणीच असते. हाताने पुसायचे असल्यास 99 टक्क्यांचे अल्कोहोलच घ्यावे आणि शेवटाकडच्या काळ्या तुकड्यावर आधी करून पाहावे. बुरशीचे रीळ मात्र आधी पूर्ण कोरडे होऊ द्यावे आणि मगच हातात घ्यावे.

मैदानात चाललेल्या रिळांवर तेल आणि माती एकत्र बसलेली असते. त्यावर थेट ओले कापड फिरवले तर मातीचे कण फिल्मभर घासले जातात आणि पडद्यावर ओरखड्यांचा कायमचा पाऊस पडू लागतो. म्हणून आधी मऊ ब्रशने किंवा धूळ उचलणाऱ्या चिकट रबरी रोलरने कोरडी धूळ काढावी, मगच धागे न सुटणारे सुती कापड जेमतेम ओलसर करून घ्यावे, आणि दर काही फुटांनी कापडाची घडी बदलावी.

साफ केल्यावर पांढुरके ओघळ किंवा ढगाळ डाग दिसतात ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते, आणि बहुतेक वेळा दोष द्रावकाचा नसून घाईचा असतो. फिल्म ओली असतानाच गुंडाळली की द्रावक दोन वेढ्यांमध्ये अडकते आणि सुटलेला मळ तिथेच पसरून वाळतो. कापड आणि गुंडाळणारी थाळी यांत पुरेसे अंतर ठेवावे, हँडल सावकाश फिरवावे, आणि थाळीवर पोहोचणारा फूट बोटाला कोरडा लागतो का ते पाहत राहावे. डाग आधीच पडले असतील तर ताजे द्रावक आणि नवे कापड घेऊन संथपणे पुन्हा पुसल्यास ते बहुधा निघतात.

हाताऐवजी अल्ट्रासॉनिक यंत्राने साफ करताना फिल्म द्रावकाच्या टाकीतून जाते, ध्वनिलहरींनी तयार झालेले सूक्ष्म बुडबुडे फुटताना मळ सुटतो, आणि पुढे गरम हवेने फिल्म वाळते. जुनी यंत्रे ट्रायक्लोरोइथेन या द्रावकासाठी बनलेली होती. ओझोनच्या थराला घातक म्हणून माँट्रियल करारानुसार ते बाद झाले, आणि पर्क्लोरोइथिलीन (पर्क) किंवा हायड्रोफ्लुरोइथर वापरात आले. यातले पहिले 121 अंशांना उकळते, म्हणून वाळायला वेळ घेते. दुसरे लवकर उडते, पण जाड तेलकट मळावर कमी पडते. या यंत्रात अल्कोहोल भरणे ही जीवघेणी चूक आहे. त्याची वाफ सुमारे 12 अंशांनाच पेट घेऊ शकते, म्हणजे परभणीच्या मे महिन्यातच नव्हे, डिसेंबरच्या दुपारीही धोका असतोच. पर्क पेटत नाही, पण त्याची वाफ हवेपेक्षा जड असून जमिनीलगत साचते आणि धुळीच्या साध्या मास्कने अडत नाही. त्यामुळे खोलीतली हवा खालच्या बाजूने बाहेर काढण्याची सोय हवी. कार्बन टेट्राक्लोराइड या द्रावकाची जुनी बाटली सापडली तर ती उघडूच नये, ते यकृताला घातक आहे.

यंत्रात घालण्यापूर्वी फिल्म किती आकसली आहे हेही मोजावे. 35 मिमीच्या प्रिंटवरच्या लागोपाठ 100 छिद्रांची लांबी 475 मिमी भरायला हवी. ती 470 च्या आसपास आली, तर फिल्म सुमारे 1 टक्का आकसलेली असते आणि दातेरी चाकांवर छिद्रे फाटण्याची भीती असते. असे रीळ यंत्राला न देता हातानेच, सावकाश साफ करावे.