खरडलेल्या रानाचं अनुदान कसं सुटलं

सप्टेंबर 2025च्या पुरात सिंदफणा नदीनं काठचं रान पार मुरमापर्यंत खरडून नेलं. पंचनाम्यात मात्र नोंद फक्त पिकाची! जमिनीची मदत वेगळी असते: त्या पुरासाठी हेक्टरी 47,000 रुपये, शिवाय रोहयोतून (रोजगार हमी योजनेतून) हेक्टरी 3 लाखांपर्यंत जमीन दुरुस्तीचं काम जाहीर झालं होतं. नुसता गाळ साचला असेल तर दर निराळा, म्हणून नुकसानीचा प्रकार नीट लिहून घ्यायचा. तलाठ्याकडे लेखी अर्ज दिला. सोबत सातबारा, बांधासकट दिसणारे फोटो. पोहोच घेतली (न मागता कोण देतंय). फेरपाहणी झाली, यादीत नाव चढलं. तरी पैसे येईनात. आधार बंद पडलेल्या खात्याला जोडलेलं निघालं. बँकेत जोडणी बदलली, सेवा केंद्रात अंगठा देऊन ई-केवायसी केलं, मग रक्कम जमा झाली. रोहयोचं काम अजून मंजुरीत आहे.