जुन्या ट्रॅक्टरला डायनामोच ठेवायचा की अल्टरनेटर लावायचा?

सांवेरच्या शेतावर काकांचा जुना बी-२७५ आहे, अजून रोज चालतो. मागच्या दसऱ्याला त्याला मस्त लाल रंग मारून घेतला आणि तेव्हापासून बॅटरी सारखी उतरायला लागली. इंदूरला ज्याला विचारावं त्याचं एकच, भिया डायनामो निकालो, अल्टरनेटर डाल दो (दोन्ही इंजिनाच्या बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करतात). घ्यायला निघालोच होतो, निघता निघता सहज अर्थची पट्टी (बॅटरीचं एक टोक ट्रॅक्टरच्या बॉडीला जोडणारी) उघडून बघितली तर बोल्टखाली चकचकीत लाल थर, करंट जाणार कुठून? पॉलिश पेपरने घासून लोखंड उघडं केलं, वॅसलीन लावून बोल्ट कसला, झालं. काका म्हणे, "अरे रंगवायला सांगितलं होतं, झाकायला नाही." तर दुकानात जायच्या आधी अर्थ, फॅनबेल्ट आणि बॅटरीचे टर्मिनल बघून घ्या.

मग हिशोब. डिझेल इंजिन एकदा चालू झालं की त्या जुन्या इंजिनाला विजेची गरजच नसते. सेल्फने समजा ३०० अँपिअर ५ सेकंद ओढले, तरी बॅटरीतून अर्धा अँपिअर-तासही जात नाही, डायनामोने १० अँपिअर दिले तरी तीन मिनिटांच्या आत भरून निघतं. खरा खर्च दिव्यांचा. ५५ वॅटचे दोन हेडलाइट म्हणजे ९ अँपिअरच्या वर, मागे नांगरावर तेवढाच एक लावला की झाले १४. ल्युकासचा सी-४० डायनामो जोरात फिरत असला तर साधारण २२ पर्यंत जातो, पण इंजिन धिम्या चालीवर असलं की जवळजवळ काहीच देत नाही. म्हणजे दिवसा सोयाबीनची पेरणी आणि अधूनमधून रात्रीचे दिवे, एवढ्याला डायनामो पुरे. रात्र-रात्र नांगरट असेल, किंवा पोरांना वर अँप्लिफायर लावून वरात काढायची असेल (काढतातच), तर अल्टरनेटर घ्या. आणि मॅग्नेटोवर (बॅटरीशिवाय ठिणगी देणारं यंत्र) चालणारा, हँडल मारून सुरू होणारा असेल तर चार्जिंगच्या भानगडीत पडूच नका.

डायनामो मेलाय का ते घरीच कळतं. बेल्ट काढायचा, डी (करंट बाहेर देणारी) आणि एफ (फील्डची) दोन्ही वायरी सोडायच्या, ती दोन टर्मिनलं वायरच्या तुकड्याने जोडून बॅटरी द्यायची, म्हणजे एक वायर तिथे आणि दुसरी डायनामोच्या बॉडीला. मोटरसारखा गरगर फिरला तर तो बराचसा ठीक आहे, लोच्या रेग्युलेटरच्या (चार्जिंग ताब्यात ठेवणाऱ्या) डब्यात शोधा. अडखळत फिरला तर कार्बन ब्रश आणि कॉम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याचा गोल) बघा, काळा पडलेला कॉम्युटेटर बारीक पेपरने घासला की तांबं कसं गुलाबी दिसायला लागतं, आणि मधल्या खाचांत अडकलेली कार्बनची पूड सुईने काढायची. अर्ध्या तासाचं काम आहे.

अल्टरनेटर लावायचाच ठरला तर पहिले बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला आहे ते बघा. जुन्या इंग्रजी ट्रॅक्टरांत प्लस अर्थ असायचं (फर्ग्युसन टीई-२०, फोर्डच्या अमेरिकन ८एन मध्येही, तो तर वर ६ व्होल्टचा), आणि बाजारातले अल्टरनेटर मायनस अर्थवाले. मी एकदा घाईत बॅटरी उलटी जोडली, टचकन ठिणगी उडाली आणि अल्टरनेटरमधले डायोड गेले, दोष दुसऱ्या कुणाचा नाही. अर्थ बदलताना प्लसचं टोक जाड असतं म्हणून क्लॅम्पही बदलावे लागतात, अँपमीटरच्या वायरीही उलटवायच्या. ६ व्होल्टचं १२ करताना बल्ब, हॉर्न आणि पेट्रोलवाला असेल तर कॉइल बदला, सेल्फ मात्र थोडा थोडा मारला तर बहुतेक निभावून नेतो.

एका वायरचा अल्टरनेटर सोपा म्हणून विकतात, मला तो ट्रॅक्टरसाठी पटत नाही, कारण त्याला जागं व्हायला चांगला रेस द्यावा लागतो आणि आपलं इंजिन मिनिटाला दीड-दोन हजार फेऱ्यांच्या वर जात नाही. तीन वायरवाला घ्या, डॅशवरच्या लाल बल्बमधूनच त्याला सुरुवातीचा करंट मिळतो. ३५-४० अँपिअर भरपूर झाले. डिझेल गाडीतला जुना घेताना मागे व्हॅक्यूम पंप चिकटलेला तर नाही ना बघा, त्याला ऑइलची लाइन लागते, नसती कटकट. पुली डायनामोपेक्षा लहान हवी, बेल्टच्या रुंदीला बसणारी. अल्टरनेटरची चार्जिंगची मोठी वायर जुन्या अँपमीटरमधून नेऊ नका, ३०चा मीटर ४०वर तापतो, सरळ सेल्फच्या बॅटरीवाल्या बोल्टवर आणा आणि डॅशवर व्होल्टमीटर लावा. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसलं पाहिजे, आणि चालत्या इंजिनावर बॅटरीची वायर काढून "बघू चार्ज होतंय का" हा प्रकार अजिबात करायचा नाही.

काकांचा डायनामो तसाच आहे, मागचा दिवा एलईडी केला.