वजनाच्या जुन्या मशीनची काच नव्याने बनवताय? या चुका टाळा

नाणं टाकलं की दिवे लुकलुकायचे आणि वजनाचं तिकीट खाली पडायचं, मागे भविष्य छापलेलं. रेल्वे स्टेशनावरचं तसं एक मशीन आता ठाण्याच्या नौपाड्यात आमच्या घरी आहे. जिन्यातून चढवताना त्याची वरची, अक्षरांची काच फुटली.

सगळ्यात मोठी चूक पहिल्याच दिवशी होते : तुकडे ओल्या फडक्याने पुसणं. अक्षरं काचेच्या मागच्या अंगाने रंगवलेली असतात आणि जुना रंग पापुद्र्यासारखा सुटत आलेला असतो. ‘किलो’तला ‘लो’ माझ्या डोळ्यांदेखत फडक्यावर आला. मागच्या बाजूला पाणी, स्पिरिट काहीच लावू नका. तुकडे जुळवून, पुढची बाजू खाली ठेवून फ्लॅटबेड स्कॅनरवर घ्या, शेजारी स्टीलची पट्टी ठेवा. मोबाइलच्या फोटोत कडा वाकतात, माप हुकतं. आणि एकही तुकडा टाकू नका. रंगाची खरी छटा जाड थर उरलेल्या तुकड्यावरच कळते.

गेलेलं अक्षर कॉम्प्युटरच्या फॉण्टमधून उचलू नका. पेंटरच्या हातच्या अक्षरांत ते लगेच परकं दिसतं. शिल्लक अक्षरांची शिरोरेषा, काना, गाठ ट्रेसिंगवर घ्या आणि त्यातूनच ते उभं करा.

मग उलट अक्षर. मागून रंगवायचं म्हणजे आरशातलं चित्र. उलटं ‘कि’ डोळ्याला दीर्घ वाटतं आणि सरावलेला हातही वेलांटी ‘सुधारतो’. आमचा पहिला नमुना त्यातच गेला. काचेखाली ट्रेसिंग उलटी चिकटवा आणि दर अक्षरानंतर काच फिरवून पुढून वाचा. रंगांचा क्रमही उलटा : बोर्डवर जमीन (म्हणजे अक्षरांमागचा रंग) आधी आणि आउटलाइन शेवटी, इथे आउटलाइन आधी, मग भरणी, जमीन सगळ्यात शेवटी. आउटलाइन विसरलात तर नंतर ती पुढून दिसणारच नाही. वागळे इस्टेटमधल्या स्क्रीन प्रिंटिंगवाल्यालाही हा क्रम कागदावर लिहून दिला, तेव्हा काम जमलं.

मागे दिवा लागणार असेल, तर अंधाऱ्या खोलीत काच दिव्यासमोर धरून बघा. जमिनीतून सुईएवढी भोकं चमकतात. तिथे दुसरा हात द्या. अक्षरांचा रंग मात्र प्रकाश जाऊ देणारा हवा, नाहीतर दिवा लावल्यावर ती काळी दिसतील.

टफन्ड (तापवून कडक केलेली) काच घ्यायची असेल तर कापणं, भोकं पाडणं सगळं आधी. टफन झाल्यावर तिला कटर लावला की चुरा होतो. जुन्या काचेची जाडी व्हर्नियरने मोजा, अंदाजे सांगू नका. फ्रेममध्ये चारही बाजूंनी दीडेक मिलिमीटर जागा सोडा, घट्ट बसवलेली काच पुन्हा कोपऱ्यातूनच जाते. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन लोखंडी फ्रेमला गंज आणतं, न्यूट्रल मागा. आणि जुलैत रंग देऊ नका. ठाण्याच्या त्या दमट हवेत आमचा लाल रंग चार दिवसांनीही बोटाला लागत होता.