जुन्या मसल कारसाठी कार्बन फायबरचे पॅनेल बनवताय? या चुका टाळा

१९६९च्या शेव्हरोले कॅमॅरोसारख्या अमेरिकी मसल कारचा, म्हणजे जोरदार इंजिनाच्या गाडीचा, पोलादी फेंडर (पुढच्या चाकावरचे पॅनेल) बसवताना फट नीट येत नसेल, तर अनुभवी कारागीर बोल्ट सैल करतो, मागे एखादी शिम, म्हणजे पातळ चकती, सरकवतो, कडेला लाकडी ठोकळा धरून हलके ठोके देतो आणि उरलेसुरले लांबी (पुट्टी) भरून झाकतो. त्या काळी अमेरिकेतील कारखान्यांतून गाड्या याच भरवशावर बाहेर पडत असत. दोन पॅनेलमधील फट सगळीकडे सारखी असावी, ही अपेक्षा आजच्याइतकी कडक नव्हती आणि पत्रा बरेच काही सांभाळून घेत असे. कार्बन फायबरचे पॅनेल, म्हणजे साच्यात राळेने पक्के केलेले कार्बन तंतूंचे विणलेले कापड, असे काहीच सांभाळून घेत नाही. साच्यातून ते ज्या आकारात निघते त्याच आकारात राहते. वाकवले तर उसळून परत येते आणि फार वाकवले तर तडकते. म्हणूनच बॉनेटची कड वर राहते, दरवाजा फेंडरला घासतो, उन्हात रंगावर विणीची जाळी उमटते, अशा या कामातल्या नेहमीच्या तक्रारींचे मूळ बहुधा बसवणाऱ्याच्या हातात नसते. ते ज्या पॅनेलवरून साचा घेतला त्या नमुन्यात, साच्यात किंवा भट्टीत असते.

मिळालेले पॅनेल प्रमाण मानणे

गाडीवरचे पोलादी बॉनेट काढायचे, पॉलिश करायचे आणि त्यावरूनच साचा घ्यायचा, हा सर्वांत सोपा आणि सर्वांत महाग पडणारा मार्ग आहे. पन्नासहून अधिक वर्षे जुन्या गाडीवरील पॅनेल मूळचेच असेल, याची खात्री नसते. त्याखाली अपघाताची दुरुस्ती आणि लांबीचे थर दडलेले असू शकतात, किंवा ते अलीकडे नव्याने दाबून काढलेले बाजारातले पॅनेल असू शकते, ज्याच्या कडा मूळ पॅनेलशी तंतोतंत जुळतीलच असे नाही. साचा हे सगळे दोष इमानाने उतरवून घेतो.

त्रिमितीय स्कॅनर आल्यापासून या चुकीचे एक नवे रूप दिसू लागले आहे. एका बाजूचा फेंडर स्कॅन करायचा आणि संगणकावर त्याची आरशातली प्रतिमा काढून दुसरी बाजू तयार करायची. पडद्यावर हे फार देखणे दिसते, पण खालची गाडी दोन्ही बाजूंनी सारखी नसते. डाव्या बाजूला चपखल बसलेला फेंडर उजव्या बाजूला दाराशी निमुळती होत जाणारी फट दाखवतो, आणि मग दोष बिचाऱ्या कापडाला दिला जातो.

योग्य क्रम असा असावा. गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असावी, इंजिन आणि गिअरबॉक्स जागेवर असावेत, दरवाजे टांगलेले असावेत. मस्टँग, कॅमॅरो किंवा चार्जरसारख्या गाड्यांमध्ये तळ आणि वरचा सांगाडा मिळून भार पेलतात. अशी गाडी स्टँडवर ठेवली की सांगाडा किंचित लवतो आणि दाराच्या फटी बदलतात. कॅमॅरोच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे: तिचा पुढचा अर्धा भाग वेगळ्या सबफ्रेमवर असून ती सबफ्रेम (खालची सुटी चौकट) बुशांवरून, म्हणजे मधल्या रबरी गाद्यांवरून, बॉडीला जोडलेली असते. बुश झिजलेले असतील तर बॉनेट आणि फेंडरची सारी रेषाच खाली किंवा बाजूला सरकते, म्हणून मोजमापापूर्वी ते बदलावेत. त्यानंतर पोलादी पॅनेल हव्या त्या फटीवर, समजा ४ मिमीवर, बसवून, लांबीने आकार सुधारून, सगळा पुढचा भाग एकत्रच स्कॅन करावा. सुटे पॅनेल टेबलावर ठेवून केलेल्या स्कॅनमध्ये पॅनेलचा आकार येतो, पण शेजाऱ्याशी असलेले त्याचे नाते येत नाही.

पॅनेल एकाच गाडीसाठी नसून विक्रीसाठी असतील, तर एका गाडीच्या मापावर विसंबू नये. अनेक गाड्या मोजाव्यात, कडेला घासून कमी करता येईल इतके माप जास्त ठेवावे, आणि बोल्टची भोके लांबट ठेवावीत.

साचाही तापतो, याचा विसर

येथे थोडे गणित करावेच लागते. प्रीप्रेग, म्हणजे राळ आधीच भिनवलेले कापड, साधारणपणे १२० अंश सेल्सियसच्या आसपास भट्टीत पक्के होते. ॲल्युमिनियमचा साचा वापरला, तर तो प्रत्येक अंशाला दर मीटरमागे सुमारे २३ मायक्रोमीटर प्रसरण पावतो. बॉनेटची लांबी १.५ मीटर आणि तापमानातील वाढ १०० अंश धरली, तर साचा जवळजवळ साडेतीन मिलिमीटर लांबतो. राळ त्या लांबलेल्या साच्यातच पक्की होते, आणि थंड होताना कार्बन जवळपास आकसत नाही. परिणामी ४ मिमीची ठेवलेली फट बहुतेक गिळून टाकणारे बॉनेट हाती येते. खोल आकाराच्या पॅनेलमध्ये तर आकसणारा साचा पॅनेलला आवळून धरतो आणि ते सोडवताना कड तडकते.

यावर उपाय दोन आहेत. एक तर साचाही कार्बनचाच करावा, म्हणजे दोघेही सारखेच वागतील. किंवा संगणकावर साचा त्या प्रमाणात आधीच लहान करून घ्यावा. पहिला उपाय महाग वाटला तरी एकापेक्षा जास्त पॅनेल काढायचे असतील तर तोच पत्करावा, असे माझे मत आहे.

याच्याशीच निगडित असलेला, पण वेगळा दोष म्हणजे कोन मिटणे. फेंडरची आत वळलेली कड साच्यात बरोबर ९० अंशांची असली, तरी पॅनेल सुटल्यावर ती साधारण एक ते दोन अंशांनी आत येते, कारण जाडीच्या दिशेने राळ जास्त आकसते आणि तंतूंच्या दिशेने पॅनेल आकसत नाही. ही चूक नव्हे, हा पदार्थाचा स्वभाव आहे. चूक एवढीच की तो गृहीत धरून साच्याचा कोन तितका उघडा ठेवलेला नसतो. नेमका किती उघडा ठेवावा, हे त्याच कापडाच्या आणि त्याच राळेच्या छोट्या चाचणी तुकड्यावर मोजून ठरवावे.

भीतीपोटी जाडी वाढवणे

०.९ मिमी जाडीचा पोलादी पत्रा दर चौरस मीटरला सुमारे ७ किलो भरतो. चांगल्या दाबाखाली पक्के केलेले २ मिमी कार्बन पॅनेल सुमारे ३.१ किलो भरते, आणि लवण्याला होणारा विरोध जाडीच्या घनावर अवलंबून असल्याने ते पत्र्याहून अधिक ताठ असते. परंतु ‘राहू द्या दोन थर जास्त’ या वृत्तीने जाडी ५ मिमीवर गेली की वजन पावणेआठ किलोवर पोहोचते. म्हणजे पोलादापेक्षा जड बॉनेट तयार होते, तेही कित्येक पट खर्चात. हाताने राळ लावलेल्या, वर देखाव्यासाठी एक कार्बनचा थर आणि खाली काचतंतूंचे जाड अस्तर असलेल्या बॉनेटची हीच गत असते. ताठपणा हवा असेल तर पॅनेलची बाहेरची कातडी जाड करू नये. आतल्या बाजूला वेगळी बनवलेली चौकट चिकटवावी किंवा दोन थरांमध्ये फोमचा गाभा द्यावा. गाभ्याच्या कडा उतरत्या कापल्या नाहीत तर त्यांची रेषा वरच्या चकचकीत पृष्ठभागावर हमखास दिसते.

थरांची रचना मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारखी नसणे हे पॅनेल पिळवटण्याचे नेहमीचे कारण आहे. बाहेर बारीक ट्विल (तिरप्या विणीचे कापड), आत स्वस्तातले जाड कापड आणि तेही एकाच दिशेने, अशी रचना थंड होताना एका कोपऱ्यातून उचलली जाते. असे पॅनेल बोल्टने खाली ओढून बसवता येते, पण ते बळजबरीने धरलेले राहते आणि काही महिन्यांत रंगाला बोल्टभोवती चिरा पडतात.

१९६९च्या कॅमॅरोवर चाकाच्या कमानीपासून मागे जाणाऱ्या धारदार रेषा आहेत. त्या गाडीचे अर्धे रूप त्यांतच आहे आणि कार्बनच्या कारागिराची अर्धी डोकेदुखीही. अशा बारीक कोपऱ्यात कापड तळापर्यंत पोहोचत नाही, वरून पूल बांधते. खाली राहिलेल्या पोकळीत नुसती राळ भरते किंवा हवा राहते, आणि पहिल्याच खडीच्या माराने तिथला टवका उडतो. कोपऱ्याला किमान २ मिमी त्रिज्या द्यावी, पहिला थर रेषेवर कापून एकमेकांवर चढवून बसवावा, खोबणीत कार्बनच्या सुट्या धाग्यांची वळकटी दाबावी, आणि दर दोन-तीन थरांनंतर वरून हवाबंद पिशवी (व्हॅक्यूम बॅग) घालून आतली हवा ओढून सगळे खाली बसवून घ्यावे. व्हॅक्यूम बॅग गळते की नाही, हे पंप बंद करून गेजवर पाहिल्याशिवाय भट्टीचे दार लावू नये. प्रीप्रेगचा गुंडाळा फ्रीजरमधून काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत त्याची पिशवी उघडू नये; नाहीतर त्यावर दव जमते आणि ते पुढे पृष्ठभागावर सूक्ष्म छिद्रांच्या रूपाने भेटते. हाताने राळ लावणाऱ्यांनी राळ आणि हार्डनर उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात, काट्यावर तोलून घ्यावेत. कोकणात किंवा पुण्यात पावसाळ्यात हे काम करणाऱ्यांना पृष्ठभागावर येणारी चिकट पांढुरकी साय ओळखीची असेल. ती हवेतील दमटपणामुळे येते, आणि धुऊन, घासून काढल्याशिवाय तिच्यावर पुढचा थर किंवा रंग टिकत नाही.

विणीची जाळी उमटणे

सर्वाधिक भांडणे याच दोषावरून होतात, कारण तो पॅनेल ताब्यात दिल्यावर दिसतो. हिवाळ्यात आरशासारखे दिसणारे बॉनेट ॲरिझोनातल्या पहिल्या उन्हाळ्यानंतर कापडाचा पोत दाखवू लागते. पक्की झालेली राळ एका विशिष्ट तापमानाला मऊ पडू लागते; कामगार त्याला टीजी म्हणतात. खोलीच्या तापमानालाच पक्की केलेली साधी एपॉक्सी ५० ते ६० अंशांच्या आसपासच मऊ पडू लागते. भर उन्हात उभ्या असलेल्या गाडीचे काळे बॉनेट त्याहून तापते, आणि खाली मोठे व्ही-८ इंजिन असते ते निराळेच. राळ मऊ झाली की तिचे अर्धवट राहिलेले पक्के होणे पुढे सरकते, धाग्यांच्या मधल्या खड्ड्यांत ती आकसते आणि वरचा रंग तो आकार घेतो.

यावर जाड प्रायमरचे थर चढवणे हा उपाय नव्हे. पॅनेल साच्यातच, किंवा बाहेर काढले तर आकार धरून ठेवणाऱ्या आधारावर ठेवून, तापमान हळूहळू वाढवत पुढील आयुष्यात त्याला जे सर्वाधिक तापमान सोसावे लागेल त्याच्या वर न्यावे आणि मगच घासाई व रंगकाम करावे. खात्री करायची असेल तर रंगापूर्वी पॅनेल ८० अंशांच्या भट्टीत काही तास ठेवून, थंड झाल्यावर तिरप्या उजेडात पाहावे. जाळी उमटायची असेल तर ती तिथेच उमटते, आणि तेव्हा ती घासून काढता येते. रंगाच्या भट्टीत पॅनेल वाकले, अशी तक्रार येते तेव्हाही बहुतेक वेळा हेच कारण असते.

ज्यांना रंग न देता वीण उघडी ठेवायची आहे, त्यांनी एपॉक्सीला उन्हात पिवळे पडण्याची खोड आहे हे ध्यानात घेऊन अतिनील किरण अडवणारा पॉलियुरेथेन क्लिअरकोट द्यावा. घासताना कागद धाग्यापर्यंत गेला तर तिथे पडणारा डाग नंतर कशानेही लपत नाही.

गाडीवर बसवल्यानंतरचे घोटाळे

पॅनेल वाकडे वाटले की लगेच साच्यावर आळ घेऊ नये. ते गाडीवरून काढून गादी घातलेल्या घोडीवर मोकळे ठेवावे. तिथेही ते पिळलेले दिसले तर दोष थरांत किंवा भट्टीत आहे. तिथे सरळ आणि गाडीवर वाकडे असेल तर दोष बसवण्यात आहे. आणि बसवण्यातला पहिला संशयित म्हणजे बिजागरीची स्प्रिंग. या गाड्यांच्या बॉनेटच्या बिजागऱ्यांवर पोलादी बॉनेट उचलून धरण्याइतक्या जोरदार स्प्रिंगा असतात. हलके बॉनेट त्यांच्या ताणाने मागच्या कोपऱ्यांत फुगते, बंद करताना मध्येच लवते, आणि कधी बिजागरीजवळ तडकते. डिकीचे झाकण उचलणाऱ्या टॉर्शन बारचे, म्हणजे पीळ दिलेल्या सळईचेही तसेच आहे. कमी जोराच्या स्प्रिंगा किंवा मापाचे गॅस स्ट्रट बसवावेत, बिजागरीच्या जागी जाडी वाढवून धातूची पट्टी आत चिकटवावी, आणि एकट्या जुन्या कुलुपावर न विसंबता बॉनेट पिना लावाव्यात.

विजेचा घोटाळा फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. त्या काळच्या वायरिंगमध्ये अनेक दिव्यांचे अर्थिंग पत्र्यातूनच होते. पत्र्याच्या जागी कार्बन आले की दिवे मंद होतात किंवा लुकलुकतात, आणि मालक अल्टरनेटर बदलत बसतो. प्रत्येक दिव्याला सांगाड्यापर्यंत स्वतंत्र अर्थिंगची तार द्यावी. कार्बन वीज वाहून नेतो, पण तिथे भरवसा ठेवण्याइतकी नव्हे. मात्र जेवढी वाहून नेतो तेवढ्याने ॲल्युमिनियम किंवा साधे पोलाद त्याला चिकटून ओले राहिले तर गंजते. म्हणून धातू जिथे टेकतो तिथे काचतंतूंचा एक थर मध्ये घालावा आणि बोल्ट ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे वापरावेत.

सुरुवात बॉनेट आणि डिकीच्या झाकणापासून करावी, मग फेंडर घ्यावेत, कारण हे सगळे बोल्टने निघणारे भाग आहेत. छप्पर आणि मागच्या चाकांवरचे क्वार्टर पॅनेल भार पेलतात. विस्कॉन्सिनमधील स्पीडकोअर कंपनीने १९७०च्या डॉज चार्जरची संपूर्ण बॉडी कार्बनमध्ये केली, परंतु अशा कामात सांगाड्याला वेगळे बळ द्यावे लागते आणि स्पॉट वेल्डिंगच्या जागी चिकटवलेले सांधे मोजूनमापून उभे करावे लागतात. दरवाजे सर्वांत शेवटी घ्यावेत. दरवाजांच्या ताकदीचा अमेरिकी नियम १ जानेवारी १९७३पासून लागू झाला, त्यामुळे त्याआधीच्या अनेक मसल कारच्या दरवाजांत आडवा तुळईसारखा दांडा मुळातच नव्हता. तिथे जे काही संरक्षण होते ते दुमडत ऊर्जा शोषणाऱ्या पत्र्याचे होते. कार्बन दुमडत नाही, फुटतो, आणि त्याच्या कडा धारदार असतात. म्हणून कार्बनचे दार करायचे असेल तर आत पोलादी दांडा बसवून तो बिजागरी आणि कुलूप यांच्याशी धातूनेच जोडावा, आणि आतल्या बाजूला फुटलेले तुकडे धरून ठेवणारा अरामिड (केव्हलरसारख्या चिवट तंतूंच्या) कापडाचा थर द्यावा.