क्रूझची बॅग भरण्याआधी परतीचं तिकीट बघा

‘क्रूझला जाताय ना, मग सामान अगदी थोडं न्या’ असं सांगणारे बहुधा एकटे जाऊन आलेले असतात. ‘न्या हो कितीही, जहाजावर कुठं उचलावं लागतं’ असं म्हणणारे मुंबईकर असतात. टॅक्सीतून पाय खाली ठेवला की समोर त्यांचं बंदर. आपल्याला मात्र नागपूरहून जायचं असतं. मधे आठशे किलोमीटर, आणि फुटाळा-अंबाझरी तलावांपलीकडे पाण्याशी आपली ओळख नाही. मी आतापर्यंत नऊ वेळा गेले. बहुतेकदा मुंबईहून गोवा-लक्षद्वीपकडे, दोनदा सिंगापूरहून, एकदा दुबईहून. कधी घरचे, तर कधी भिशीतल्या अकरा जणी घेऊन. पहिल्या वेळी घर उचलून नेलं, दुसऱ्या वेळी हट्टाने एका लहान बॅगेत गेले, आणि दोन्ही वेळा फजिती झाली.

हलकी की भारी?

जहाजाला तुमच्या बॅगेच्या वजनाचं फारसं काही वाटत नाही. कपडे एकदा कपाटात लावले आणि रिकामी बॅग पलंगाखाली सरकवली की ती शेवटच्या रात्रीपर्यंत दिसतही नाही. वजन नडतं ते जहाजाच्या अलीकडे आणि पलीकडे. देशातल्या विमानांत साधारण माणशी १५ किलो सामान आत देता येतं आणि ७ किलो हातात. रेल्वेच्या थर्ड एसीत ४० किलोपर्यंत चालतं. सिंगापूर-दुबईला जाणारे इथे फसतात: परदेशच्या तिकिटावर जास्त वजन लिहिलेलं असतं, ते बघून बॅग भरतात, आणि नागपूर-मुंबईचं तिकीट वेगळं काढलेलं असेल तर नागपूरच्याच काउंटरवर जादा वजनाचे पैसे भरतात.

खरा निकाल लागतो तो परतीला. शेवटच्या सकाळी जहाजावरून उतरायचे दोन मार्ग असतात. आदल्या रात्री मोठी बॅग केबिनच्या दाराबाहेर ठेवायची, ती कर्मचारी नेतात, आणि सकाळी टर्मिनलवर शेकडो बॅगांमधून आपली हुडकायची. नाहीतर आपली बॅग आपणच ओढत उतरायचं. दुसऱ्या मार्गाने जाणारे लवकर मोकळे होतात. पण ती बॅग लिफ्टच्या गर्दीतून, उतारावरच्या पुलावरून स्वतःला नेता आली पाहिजे. माणशी एक, आणि ती ज्याची त्यानेच.

म्हणून मी आधी परतीचं तिकीट बघते. दुपारचं विमान असेल तर हलकं सामान, त्यात चर्चा नाही. रात्रीची दुरांतो असेल तर खुशाल मोठी बॅग भरा, बाहेर ठेवा, सावकाश उतरा. मुंबईत जहाज लागतं त्या बॅलार्ड पियरहून सीएसएमटी जवळच आहे आणि दिवस तुमचाच असतो. सोबत म्हातारं माणूस असेल तर रात्रीची गाडीच काढा.

कपडे

‘तीन जोड न्या, रोज धुवा, रोज घाला’ हा सल्ला देणाऱ्याने नागपुरात बसून लिहिलं असावं. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवर टाकलेली चादर आपली आंघोळ होईस्तोवर कडक होते. समुद्रावरच्या हवेला तो गुण नाही. माझ्या दुसऱ्या, ‘हलक्या’ क्रूझला मी सुती कुर्ता रात्री धुऊन कपाटाएवढ्या न्हाणीघरात टांगला. सकाळी ओला. दुपारी ओला. तिसऱ्या दिवशी वाळला म्हणायचा, पण त्याला श्रावणातल्या पायपुसण्याचा वास येत होता. बाल्कनीत वाळत घालू देत नाहीत, आणि घातलाच तर वारा तो घेऊन जातो. जहाजावरची धुलाई कपड्यागणिक पैसे घेते; त्या भावात सीताबर्डीवर नवा कुर्ता येईल.

तेव्हा पाच रात्रींसाठी माझा हिशेब असा: दिवसाचे चार हलके वरचे कपडे, खाली दोनच, संध्याकाळचे दोन पोशाख, आतले कपडे रात्रींपेक्षा तीन जास्त. जीन्स घरी. पोहायचा नायलॉनचा पोशाख हवाच, कारण टी-शर्ट घालून पूलमध्ये उतरू देतील याचा भरवसा नाही. एक शाल घ्या. कूलरवर वाढलेल्या माणसाला जहाजावरच्या नाट्यगृहातला एसी बोचतो.

सजून जेवायच्या रात्रीसाठी बायका तीन-तीन पैठण्या नेतात. एक जॉर्जेट किंवा क्रेपची साडी न्या. घडी मोडत नाही, इस्त्री लागत नाही, जागाही खात नाही. सेफ्टीपिना मात्र जास्त घ्या. डेकवरचा वारा पदराचा मान ठेवत नाही.

जे न्यायचंच नाही

इस्त्री, पाणी तापवायची कॉइल, किटली, मेणबत्ती, अगरबत्ती. आगीच्या भीतीने यातलं काहीही चालत नाही, आणि एक्स्टेन्शन बोर्डही बहुतेक जहाजांवर काढून घेतात. घरचं शिजवलेलं अन्न नेऊ देत नाहीत. बंद पाकिटातल्या चिवड्याला काही कंपन्या हरकत घेत नाहीत, काही घेतात; आपल्या कंपनीचा नियम वाचून घ्या.

सिंगापूर किंवा दुबईहून जहाज पकडणार असाल तर एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवा: खसखस नाही. दोन्हीकडे ती अमली पदार्थांच्या कायद्यात सापडते. दिवाळीच्या सुट्टीत जाणारे डब्यात अनारसे टाकतात, कुणी पोरासाठी सावजी मसाल्याची पुडी ठेवतं, आणि दोन्हींत खसखस असू शकते. हे हसण्यावारी नेऊ नका.

छोट्या वस्तूंत माझ्या मते दोनच कामाच्या आहेत. पहिली, चुंबकाचे हूक: केबिनच्या भिंती बहुधा पोलादी असतात, त्यामुळे टोपी, ओळखपत्र, ओला पोशाख सगळं भिंतीवर टांगता येतं. दुसरी, प्लगचा अ‍ॅडाप्टर. जहाजावर अमेरिकन चपट्या किंवा युरोपीय गोल पिनांचे प्लग भेटतात आणि तेही मोजकेच.

आता मुद्द्याचं: हातातली थैली

मोठ्या बॅगेवर लोक आठवडा घालवतात आणि हातातली थैली निघायच्या दिवशी रिक्षा दारात आल्यावर भरतात. क्रूझ बिघडते ती इथे.

टर्मिनलवर पोचलात की मोठी बॅग तुमच्याकडून घेतली जाते. प्रत्येक बॅग एक्स-रेमधून जाते, मजल्याप्रमाणे वेगळी होते, मग गाड्यांवरून केबिनच्या दारांशी पोचते. यात तास जातात. तुम्ही दुपारीच आत जाता, जेवता, फिरता, आणि बॅग संध्याकाळी येते, कधी रात्री. त्या वेळात तुमच्या अंगावर आणि खांद्यावर जे आहे तेवढंच तुमचं.

माझ्या पहिल्या क्रूझला आम्ही सकाळी अकराला बॅगा दिल्या. दुपारचं जेवण झालं आणि सासूबाई म्हणाल्या, “माही बीपीची गोळी कुठी ठेवली व?” ती मोठ्या बॅगेत होती, साड्यांच्या खाली, नीट, प्लॅस्टिकच्या डबीत. मी खाली स्वागतकक्षात गेले. तिथल्या मुलीने गोड हसून सांगितलं की बॅगांच्या ठिकाणी प्रवाशांना जाता येत नाही. पोरं पूलकडे बघत उभी, त्यांचे पोशाख त्याच बॅगेत. बॅग आली साडेसहाला. तोवर मी केबिनच्या दाराशी राखण करत बसले होते. जहाजाने मुंबई कधी सोडली ते मला दिसलंच नाही.

तेव्हापासून औषधं हातातच, आणि एका दिवसाची नाही तर सगळ्या प्रवासाची, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. ‘आजची गोळी हातात, बाकीच्या बॅगेत’ ही हुशारी करू नका. बॅग चुकीच्या मजल्यावर गेली की मग काय करणार?

बाकी थैलीत ओळखपत्र किंवा पासपोर्ट, तिकिटाची छापील प्रत, दागिने, चष्मा, चार्जर, पोहायचा पोशाख आणि संध्याकाळी घालायचा एक जोड. पॉवर बँकही हातातच. विमानातही ती आत टाकायच्या सामानात चालत नाही. बोट लागायची गोळी वरच्या कप्प्यात, कारण ती पोटात ढवळायला लागल्यावर घेऊन उपयोग नसतो, जहाज हलण्याआधी घ्यायची असते. कोणती घ्यायची ते घरच्या डॉक्टरांना विचारून ठेवा. ज्यांना घाटात बस लागते त्यांनी ‘जहाज मोठं असतं, काही होत नाही’ यावर विश्वास ठेवू नये.

थैली पाठीवरची हवी, चाकांची नको. ती तुम्हाला तीन-चार तास सोबत ठेवायची असते, एका हातात ताट असताना. आणि माणशी एक हवी. सगळ्या कुटुंबाची मिळून एक थैली ही माझी दुसरी चूक. नवरा ती घेऊन ‘जरा वरून चक्कर मारून येतो’ म्हणून गेला आणि त्याला शोधत आम्ही तिघं अकरा मजले हिंडलो. समुद्रात गेल्यावर फोन लागत नसतो, हे तेव्हा कळलं. हीच पाठीवरची थैली लक्षद्वीपलाही उपयोगी पडते. तिथे मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही, लहान बोटीत उतरावं लागतं, आणि तेव्हा दोन्ही हात मोकळे हवेत.

मोठी बॅग लवकर हवी असेल तर तिच्यात संशयाचं काही ठेवू नका. आमच्या भिशीतल्या एकीने कुणाला न सांगता छोटी इस्त्री नेली होती. एक्स-रेत ती दिसली, बॅग बाजूला पडली, बाईंना खाली बोलावून बॅग उघडायला लावली. बाकी दहा जणी नटून जेवायला बसल्या होत्या आणि ही प्रवासातल्या चुरगळलेल्या सलवार-कमीजमध्ये. चुरगळू नये म्हणूनच नेलेली इस्त्री!

बॅगेला केबिन क्रमांकाची चिठ्ठी लावायची असते. ती कागदाची असते आणि फाटते. वरून सेलोटेप गुंडाळा, आणि नाव-फोन लिहिलेला दुसरा कागद बॅगेच्या आत ठेवा. ओळखायला लाल रिबीन बांधू नका, निम्म्या जहाजाने तीच बांधलेली असते. मी जुन्या साडीचा काठ फाडून बांधते.

वजन

घरच्या काट्यावर आधी एकटे उभे राहा, मग बॅग उचलून उभे राहा, वजाबाकी करा. १३ किलोला थांबा. दोन किलो परतीच्या खरेदीला.

शेवटची रात्र

पहिल्या दुपारी जे होतं तेच शेवटच्या रात्री उलटं होतं. बॅग दाराबाहेर ठेवली की ती तुमची राहत नाही. सकाळी टर्मिनलवरच भेटते. ठेवण्याआधी उद्याचे कपडे पलंगावर मांडा. पूर्ण मांडा: वरचं, खालचं, आतलं, चपला. माझ्या नवऱ्याने एकदा शर्ट काढून ठेवला, बूट ठेवले, मोजे ठेवले, दाढीचं सामान ठेवलं आणि बॅग बाहेर लोटून दिली. सकाळी सहाला उठून म्हणतो, “अगं, माझी पँट?” ती तोवर बंदराच्या वाटेवर होती. इस्त्रीचा पांढरा शर्ट, काळे बूट आणि खाली रात्रीची चौकड्यांची हाफपँट अशा थाटात तो जहाजावरून उतरला, आणि ओळखीचे म्हणून नेमके धरमपेठेतले एक काका रांगेत पुढे निघाले. “का जी, घाईत हाय का?” त्यांनी विचारलं. आता दाराबाहेर बॅग ठेवायचं काम माझ्याकडे आहे.

औषधं, पासपोर्ट, चार्जर पुन्हा पाठीवरच्या थैलीत. पासपोर्ट आणि दागिने पाच दिवस केबिनच्या लॉकरमध्ये असतात आणि निघायच्या गडबडीत तिथेच राहतात. त्यावर माझा एकच उपाय आहे: शेवटच्या रात्री सकाळी घालायची एक चप्पल त्याच लॉकरमध्ये ठेवते. अनवाणी पायाने केबिनबाहेर कोणी पडत नाही.