पूर ओसरला: आधी चर काढा, खताचे पोते नंतर फोडा

कृष्णा-वारणाकाठी पूर दोन तऱ्हांनी मारतो. पाटण-कराड पट्ट्यात कोयनेचे पाणी ओढीने येते, बांध फोडते, वरची माती खरवडून नेते आणि लवकर उतरते. खाली पलूस, वाळवा, मिरज तालुक्यांत मात्र ते बसते. नदीला उतार कमी, हरिपूरला वारणा मिळते, पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा. तिन्ही नद्या एकदम चढल्या की सांगलीच्या आयर्विन पुलाखालचे पाणी बोटाबोटाने उतरते. २०१९ मध्ये तिथली पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. हा सल्ला मुख्यतः अशा, पाणी बसून राहिलेल्या रानांसाठी आहे.

पाणी उतरल्यावर पिवळे पडलेले पीक बघवत नाही आणि हात आधी युरियाच्या पोत्याकडे जातो. तेवढे करू नका. मातीतली सगळी पोकळी पाण्याने भरलेली असते, मुळांना हवा मिळत नाही आणि गुदमरलेले मूळ अन्न उचलत नाही. अशा रानात टाकलेल्या खतातले काही नत्र पाण्याबरोबर खाली जाते, आणि काही नत्र जिवाणू वायूच्या रूपाने उडवून लावतात. पैसे जातात आणि पीक पिवळेच राहते.

पहिले काम चराचे. रानाच्या सखल कडेला दोन फूट खोल आणि फूटभर रुंद चर काढा आणि प्रत्येक सरीचे तोंड त्यात उघडा. मधे खोलगट जागा असेल तर तिथून आडवा चर जोडा. चराचे पाणी शेजाऱ्याच्या उसात सोडू नका. चार-पाच जणांनी मिळून ओढ्यापर्यंत एकच चर नेला तर सगळ्यांचे रान लवकर सुटते. वाफसा (मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताची असण्याची स्थिती) येईपर्यंत ट्रॅक्टर रानात घालायचा नाही. काळ्या जमिनीत ओल्यावर चाक फिरले की खाली घट्ट थर बसतो आणि तो पुढचा हंगामही खातो. वाफसा ओळखायला सहा इंच खालची मूठभर माती दाबून गोळा करा आणि गुडघ्याच्या उंचीवरून सोडा. फुटला तर वाफसा आला. चपटा होऊन बसला तर थांबा.

पानांवरचा गाळ ओला आहे तोवर एचटीपी (जास्त दाबाच्या फवारणी) पंपाने स्वच्छ पाणी मारून धुवा. वाळला की तो निघत नाही आणि पानाला उजेड मिळत नाही. रानात इंच-दोन इंच गाळ असेल तर वाफशावर कोळपून मातीत मिसळा. थर तीन इंचांच्या वर असेल तर काढण्याआधी पट्टी लावून फोटो घ्या. गाळाची मदत पीक नुकसानीपेक्षा वेगळी असते, म्हणून पंचनाम्यात त्याची नोंद वेगळी झाली पाहिजे. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक येतील तेव्हा गट नंबर, पीक आणि बाधित क्षेत्र स्वतः वाचून मगच सही करा. पीक नुकसानीच्या मदतीसाठी किमान ३३ टक्के नुकसानीची अट असते, त्यामुळे टक्केवारीचा रकाना नीट बघा.

उसाचे भवितव्य शेंड्यात असते. पोंगा (शेंड्यातली गुंडाळलेली कोवळी पाने) पाण्याच्या वर राहिला असेल तर ऊस बहुतेक तगतो. गढूळ पाणी पोंग्यात शिरून बसले तर तो आतून कुजतो, आणि बाहेरची पाने आणखी काही दिवस हिरवी राहून फसवतात. म्हणून रानात पाच ठिकाणी चार-चार ऊस घ्या आणि शेंडा चाकूने उभा चिरा. आतला कोंब दुधी आणि करकरीत असेल तर ऊस जिवंत आहे. तपकिरी, बुळबुळीत निघाला, आंबूस वास आला तर तो ऊस वाढणार नाही. आता कांड्यावरचे डोळे फुटून पांगशा (बाजूचे फुटवे) येतील, कांड्यांना मुळ्या सुटतील आणि साठलेली साखर त्यांच्यावर खर्च होईल.

तोडणीला आलेल्या आडसाली उसात (गेल्या पावसाळ्यातल्या लागणीत) निम्म्याहून जास्त शेंडे मेले असतील तर कारखान्याच्या शेती विभागाकडे पूरबाधित ऊस म्हणून लेखी नोंद द्या आणि तोडणीचा प्रोग्रॅम लवकरचा मागा. उशीर झाला की वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही घटतात. या उसाला आता नत्र देऊ नका आणि त्याचे बेणेही धरू नका. शेंडा जिवंत असलेल्या लहान उसाला वाफशावर एकरी एक पोते युरिया आणि २५ ते ३० किलो म्युरेट ऑफ पोटॅश मातीआड करून द्या. मुळे सावरेपर्यंत १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला ५ ग्रॅम घेऊन फवारले तर पानांतून आधार मिळतो. नव्या पोंग्यातली पाने वेडीवाकडी, चुरगळलेली निघू लागली तर तो पोक्का बोईंग हा बुरशीचा रोग. मॅन्कोझेब १० लिटरला ३० ग्रॅम फवारा. जुलैच्या नव्या लागणीत कांड्या कुजून तुटाळ (रिकाम्या जागा) पडली असेल तर त्याच जातीची ट्रेमधली महिन्याभराची रोपे लावून घ्या. दोन डोळ्यांची कांडी आता टाकली तर ती बाकीच्या उसाच्या सावलीत मागे पडते.

हळदीला वेळ कमी असतो. पाणी गड्ड्याभोवती थांबले की कंदकूज दोन-चार दिवसांत पसरते. पानाच्या कडा वाळू लागतात, आणि खोड हलके ओढले तरी बुडातून सहज हातात येते. असे झाड गड्ड्यासह काढून रानाबाहेर न्या, चरात टाकू नका. पाणी निघाले की कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला ५ ग्रॅम घेऊन बुंध्याशी ओता, म्हणजे आळवणी करा. ट्रायकोडर्मा ही स्वतः बुरशीच आहे. ती आळवणीनंतर १५-२० दिवसांनी, एकरी दोन-अडीच किलो, चांगल्या कुजलेल्या शेणखतातून द्या. दोन्ही एकदम दिले तर तांब्याचे औषध तिलाच मारते. मातीचा भर वाहून गेला असेल तर वाफशावर लगेच भरणी करा. उघड्या कंदावर कंदमाशी अंडी घालते.

सोयाबीन दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त पूर्ण बुडाले असेल तर खर्च थांबवा आणि रब्बीची तयारी धरा. तगलेल्या प्लॉटमध्ये पानाखाली तांबूस भुकटी दिसते का ते रोज बघा. आपल्या भागात तांबेरा दमट हवेत झपाट्याने पसरतो. पुढच्या खरिपाला कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रातून आलेले फुले संगम किंवा फुले किमया घ्या, दोन्ही वाण तांबेऱ्याला सहनशील आहेत.

बुडालेल्या मोटरीचा स्टार्टर दाबून बघू नका. लाईट नसली तरी फ्यूज काढून ठेवा, कारण ती कधीही येते. मोटर खोलून गाळ गोड्या पाण्याने धुवा, बेअरिंगमधले जुने ग्रीस काढा, वाइंडिंग पूर्ण वाळवा आणि मेगर (इन्सुलेशन तपासायचे मीटर) लावा. एक मेगाओहमच्या खाली दाखवत असेल तर परत वाळवा. बाहेरून कोरडी वाटणारी मोटर चालू केली की वाइंडिंग जळते आणि साध्या तपासणीऐवजी रिवाइंडिंगचा खर्च येतो. ठिबकचे फिल्टर साफ करा, मग लॅटरलची (सरीतल्या बारीक नळ्यांची) टोके उघडी ठेवून स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडा.

गाळाने माखलेले उसाचे वाडे (शेंड्याचा हिरवा चारा) आणि बुरशी आलेली वैरण जनावरांना घालू नका. घटसर्प आणि फऱ्याची लस चुकली असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात आजच सांगा.

कृष्णाकाठच्या खारवट-चोपण (क्षार साठून बिघडलेल्या) रानांत पूर गेल्यावर क्षार वर येतात. दिवाळीच्या सुमारास सरीच्या माथ्यावर पांढरा थर दिसला तर रब्बीच्या पेरणीआधी माती तपासून घ्या आणि जिप्सम त्या अहवालावरूनच टाका. निचरा नसलेल्या रानात नुसते जिप्सम टाकून क्षार जात नाहीत, म्हणून आज काढलेला चर तेव्हा बुजवू नका.