धंदा दोघांचा आणि घटस्फोटही: वकिलाकडे जाण्याआधी काय जमवायचं

नवरा-बायको मिळून धंदा चालवत असतील, तर घटस्फोटाच्या हुकुमाने त्यांची निम्मीच सुटका होते. कौटुंबिक न्यायालय लग्न मोडून देतं. भागीदारी, संचालकपद, कर्जाची हमी आणि चेकवरची सही मात्र त्या हुकुमाने आपोआप सुटत नाही. लग्नाचा दाखला, फोटो, मुलांचे जन्मदाखले वकील मागेलच. त्याआधी एका कोऱ्या कागदावर एवढंच लिहून काढा की धंद्याच्या कुठल्या कुठल्या कागदावर जोडीदाराचं नाव आहे.

सुरुवात बँकेपासून करा, कारण सगळ्यात जास्त अडतं ते तिथेच. कॅश क्रेडिट किंवा ओव्हरड्राफ्टचं मंजुरीपत्र काढून हमीदार कोण आहे ते बघा. बऱ्याच घरांत नवऱ्याने ‘इथे फक्त सही कर’ म्हटल्यावर बायकोने सही केलेली असते आणि हमीपत्राची प्रत तिच्याकडे नसते. ती बँकेकडून लेखी अर्ज करून मागा. भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ नुसार, करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर, हमीदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. संमतीने घटस्फोट घेताना न्यायालयात द्यायच्या अटींत ‘या कर्जाशी पत्नीचा संबंध राहणार नाही’ असं वाक्य घातलं म्हणून भागत नाही. त्या अटींत बँक पक्षकार नसते, त्यामुळे बँक पत्नीकडून वसुली करूच शकते. पर्यायी हमीदार किंवा जादा तारण देऊन बँकेचं सुटकेचं पत्र हातात घ्या आणि मगच अटींवर सही करा. चालू राहणारी हमी, म्हणजे एकाच नव्हे तर एकामागून एक होणाऱ्या व्यवहारांना लागू असलेली हमी, पुढच्या व्यवहारांपुरती नोटीस देऊन मागे घेता येते (कलम १३०). पण छापील हमीपत्रात हा हक्क सोडून दिल्याचं कलम आहे का, ते आधी वाचा.

खातं कुणाच्या सहीने चालतं हेही त्याच फेरीत विचारून घ्या. भांडण पेटल्यावर दोघांपैकी एकाने बँकेला पत्र दिलं की खातं थांबतं. मग पगार अडकतात, आणि त्यात कामगारांचा काही दोष नसतो. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत देणं वेतन संहितेने बंधनकारक आहे आणि मालकांचं घरी बिनसलंय ही काही सबब होत नाही. पगार, वीजबिल, जीएसटी आणि पीएफ यांचे पैसे कोणाच्या सहीने निघतील, एवढं तरी दोघांनी बसून लेखी ठरवा. बाकी कशावर एकमत होत नसलं तरी यावर सहसा होतं.

भागीदारी असेल तर करारपत्र आणि फर्मच्या नोंदणीचा उतारा काढा. निवृत्तीचा करार घरात लिहून कपाटात ठेवला तर बाहेरच्या लोकांच्या लेखी तुम्ही भागीदारच राहता. भागीदारी कायदा, १९३२ त्यासाठी जाहीर सूचना मागतो: नोंदणीकृत फर्म असेल तर निबंधकाला कळवायचं, राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या स्थानिक भाषेतल्या एका तरी वर्तमानपत्रात छापून आणायचं. छापून आलेली कात्रणं जपून ठेवा. दोनच भागीदार असतील तर एक बाहेर पडला की फर्मच राहत नाही. उरलेल्याचा एकट्याचा धंदा होतो, पॅन बदलतो, म्हणून जीएसटीची नवी नोंदणी आणि खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं शिल्लक क्रेडिट नव्या नोंदणीत नेण्यासाठी आयटीसी-०२ हा फॉर्म लागतो. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला किमान दोन संचालक आणि दोन भागधारक लागतात, तेव्हा राजीनाम्याआधी दुसरं माणूस शोधून ठेवा.

आता नाजूक मुद्दा: कागदावरचा पगार. कर वाचावा म्हणून बायकोला पगार दाखवलेला असतो, पैसे मात्र घरखर्चात जातात. इतकी वर्षं हे खपून गेलं, कारण विचारणारं कुणी नव्हतं. रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचं सविस्तर प्रतिज्ञापत्र सक्तीचं केलं. त्यात बँक खाती, आयकर विवरणपत्रं, धंद्यातला हिस्सा, कर्जं असं सगळं येतं. खोटं लिहिलं तर कारवाई होऊ शकते. त्यामुळे तीन वर्षांची विवरणपत्रं, ताळेबंद आणि बँकेचे उतारे समोरासमोर ठेवून जुळवा. तो पगार तिला खरंच मिळत होता की नुसता वहीत होता, याचं उत्तर दोघांनाही द्यावं लागेल, आणि गैरसोयही दोघांचीच होईल. ती खरोखर नोकरीवर असेल आणि राजीनामा देत असेल, तर २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार तिचं थकीत वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकतं करायचं. आणखी एक: फर्मचा सीए दोघांचा असतो. दोघांची प्रतिज्ञापत्रं त्याच्याकडूनच करून घेऊ नका. तो कितीही सज्जन असला तरी.

राहतं घर जोडीदाराच्या नावे करायचं ठरलं असेल तर ते हुकुमाआधी करा. महाराष्ट्रात राहत्या घराचं बक्षीसपत्र पती किंवा पत्नीच्या नावे करताना मुद्रांक शुल्क २०० रुपये असतं (नोंदणी आणि इतर आकार वेगळे). हुकूम झाला की ते नातंच उरत नाही. दागिन्यांची यादी पावत्यांसह करा. स्त्रीधन तिचंच असतं, धंद्याच्या तारणात गेलेलं असलं तरी.

फोनमधले मेसेज पुरावा म्हणून द्यायचे असतील तर नुसते स्क्रीनशॉट देऊन चालत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्याबद्दलचं) प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणून मूळ फोन विकू किंवा रीसेट करू नका.

हिंदू विवाह कायद्याखाली संमतीचा घटस्फोट घेताना पहिल्या आणि दुसऱ्या अर्जात सहा महिने जातात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या अमरदीप सिंग निकालानंतर न्यायालय योग्य प्रकरणात ते माफ करू शकतं. धंदा एकत्र असेल तर ती माफी मागायची घाई करू नका. वरची निम्मी कामं त्याच काळात उरकतात.

राहता राहिला मोबाईल नंबर. जीएसटी, पीएफ आणि बँकेच्या ओटीपीसाठी कुणाचा नंबर नोंदवलाय ते बघून घ्या. जोडीदाराचा असेल तर नंबर आणि अधिकृत स्वाक्षरीदार आत्ताच बदला. विवरणपत्र भरायच्या शेवटच्या दिवशी रात्री ओटीपी मागायला फोन करणं दोघांनाही जड जाईल.